एक पुरी मॅच

३ नोव्हेंबर २०२५

काल बायकांनी क्रिकेटचा वर्ल्डकप जिंकला. कनेरगाव नाक्यावर फटाके वाजले, एका ढाब्यावर फुकट जिलबी झाली, आणि स्वप्निल सकाळपासून 'आपल्या पोरी, आपल्या पोरी' करत गावभर मिरवत आहेत, जणू यांनीच त्यांना बॅट धरायला शिकवली. (वहीत नवऱ्याचं नाव लिहिलं तर कोणाचं काय जातं.)

चहा देताना मी म्हटलं, जुलैमध्ये फुटबॉलच्या पोरींनी थायलंडला त्यांच्या घरात जाऊन हरवलं आणि आशिया कपात जागा मिळवली, तेव्हा तुम्ही साधी लवंगी लावली नाहीत. तर म्हणतात, "बायकायचं फुटबॉल बी आस्तं का?" यांच्या बायकोनं नांदेडच्या कॉलेजात तीन वर्षं फुटबॉल खेळलं. सोयरीक जमवताना माझ्या घरच्यांनी ते सांगितलं नव्हतं, पण लग्नानंतर मीच चारदा सांगितलं आहे.

तीन वर्षं खेळले म्हणते खरं, पण एकही मॅच पुरी खेळले नाही. पहिल्या वर्षी हाफटाइमला आम्हाला बाहेर काढलं, कारण मुलांची सेमीफायनल सुरू व्हायची होती. दुसऱ्या वर्षी समोरच्या संघाच्या चार पोरींना घरच्यांनी पाठवलंच नाही. तिसऱ्या वर्षी मैदानावर कोणाचा तरी सत्कार निघाला. शेवटची शिट्टी म्हणून जी असते, ती मी कधी ऐकली नाही. मग लग्न झालं.

आज चिडून ही वही काढली. मला एक मॅच पुरी खेळायची आहे. लिहून ठेवलं म्हणजे मागे फिरता येणार नाही.

९ नोव्हेंबर

बचत गटाच्या बैठकीत विषय काढला. आधी सगळ्या हसल्या. मग अंगणवाडीत मदतनीस आहे ती राणी म्हणाली, "कधीपासून?" राणी बुद्धविहाराकडची. शाळेत असताना धावण्यात जिल्ह्यापर्यंत गेली होती. तिनं विचारल्यावर आणखी चौघी तयार झाल्या, सगळ्या आमच्याच भावकीतल्या सुना. गावात खेळण्याजोग्या वयाच्या सुनाच उरतात. लेकी बारावी झाल्या की लग्न होऊन तरी जातात, नाही तर पुण्याला तरी.

सात जणींचा संघ करायचा तर सातवी मिळेना. आमच्या थोरल्या जाऊबाई, निता, कोपऱ्यात फुलवाती वळत बसल्या होत्या. थोरले दीर पुण्याला कंपनीत, त्या इथे सासू-सासऱ्यांजवळ. त्यांचा आवाज स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर गेलेला मी सहा वर्षांत ऐकलेला नाही. बैठक उठताना हळूच म्हणाल्या, "गोलापाशी उभं राहायला कोनी लागतं का?"

पळायचा कंटाळा म्हणून विचारलं असणार. घेतलं त्यांना. गरजवंताला पर्याय नसतो.

१६ नोव्हेंबर

स्वप्निल मोंढ्यात गेले होते, तिथून बॉल घेऊन आले. बास्केटबॉल आणला. म्हणे दुकानदार म्हणाला, हा घ्या, जास्त टिकतो. बदलून आणायला मीच हिंगोलीला गेले.

२३ नोव्हेंबर

मैदानाचा प्रश्न सुटला, पण त्याची वाट लांबची होती. सासऱ्यांना, म्हणजे मामांना, आम्ही सुना समोरासमोर बोलत नाही. ते उंबऱ्यापाशी आले की खाकरतात, आम्ही पदर डोक्यावर घेतो, मग ते आत येतात. त्यांना काही विचारायचं तर मी स्वप्निलला सांगते, ते आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, आणि त्या मामांना. उत्तर त्याच वाटेनं परत येतं, आणि वाटेत थोडं सांडतं.

उत्तर आलं: रस्त्याकडेचा मुरमाड तुकडा, जिथे दरवर्षी हळद वाळवतात, तो हळद निघेपर्यंत वापरा. व्यंकटराव पाटलांच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे पुष्कळ झालं. चार बांबू रोवून दोन गोल केले.

१४ डिसेंबर

आमच्या खेळातली खरी अडचण आज सापडली. कोणालाच कोणाला हाक मारता येत नाही. धाकटीनं थोरलीला बॉल मागायचा तर, "अहो जाऊबाई, जरा इकडं देता का?" एवढं बोलून होईस्तोवर बॉल रस्त्यावर. आणि थोरलीच्या पायातून बॉल काढायला धाकटी धजत नाही, नुसती शेजारून चालते, लग्नाच्या वरातीत चालल्यासारखी. राणीला हसून हसून पोटात कळ आली.

मी नियम केला. मैदानावर नाती बंद. नावानं हाक, अरे-तुरे, आणि धक्का लागला तर पाया पडायचं नाही. सुरुवात मीच केली. "निता, बॉल टाक!" जाऊबाई बॉल हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मला वाटलं राग आला. नंतर म्हणाल्या, "लई वर्षांनी आयकलं." असं काय नवीन आहे नावात, रेशनकार्डावर तर रोजच आहे.

हल्ली घरचं काम चारच्या आत आटपतं. मी वक्तशीर झाले आहे. खेळामुळे शिस्त लागते म्हणतात ते खोटं नाही.

४ जानेवारी २०२६

राणी आमची सगळ्यात चांगली खेळाडू आहे, हे मला मान्य करायला महिना लागला. डावा पाय उजव्यासारखाच चालतो. शिवाय नीटनेटकी. मैदानाला लागून आमचा माठ भरून ठेवलेला असतो, पण ती स्वतःची बाटली घरून आणते.

आज एक गंमत झाली. खेळ थांबल्यावर निता माठावरून पुढे गेली, राणीच्या हातातली बाटली मागून घेतली आणि तोंड लावून घटाघटा पाणी प्यायली. माठ गळ्यापर्यंत भरलेला असताना. राणी तिच्याकडे बघतच राहिली. मग निता म्हणाली, "तुझं सरलं. आता माठातलं घे." राणीनं घेतलं. बाकीच्या दोघी-तिघी गप्प झाल्या होत्या, मी शिट्टी मारून पुन्हा खेळ सुरू केला. दुसऱ्याचं पाणी संपवायची ही कसली सवय, कोण जाणे.

२६ जानेवारी

लिहावंसं वाटत नाही. पण वही रडगाण्यासाठीही असतेच.

झेंडावंदनानंतर नाक्याच्या शाळेच्या नववी-दहावीच्या पोरींशी मॅच ठेवली होती. अख्खा गाव जमला. निम्मे हसायला आले होते, पण आले होते. आम्ही पंजाबी ड्रेसवर, निता साडीवर, पदर कमरेला घट्ट खोचून. पहिला अर्धा वेळ शून्य-शून्य. निताने तीन बॉल अडवले, त्यातला एक तर झेप घेऊन, कोपर सोलून. लोकांचं हसणं थांबलं होतं. म्हटलं, आज पुरी होते.

दुसऱ्या अर्ध्यात शाळेची पोरगी बॉल घेऊन एकटी गोलाकडे निघाली. त्याच वेळी मामा गोलामागच्या बांधावरून आले. गर्दी दिसली, आपल्या सुना दिसल्या, आणि सवयीनं खाकरले.

आम्ही भावकीच्या सहाही जणी जागच्या जागी थांबलो. माझा हात ओढणीवर गेला. निताने कमरेचा पदर उपसून डोक्यावर घेतला आणि खाली मान घालून उभी राहिली. मामा मागे होते, म्हणजे तोंड मैदानाकडेच होतं, पण पदर नाकापर्यंत होता. बॉल तिच्या पायाजवळून हळूहळू गोलात गेला. एकटी राणी तेवढी मागे धावत होती.

गाव जे हसलं ते थांबेना. शाळेच्या पोरीही जमिनीवर बसून हसल्या. मामा आल्या वाटेनं परत गेले. मॅच तिथेच मोडली.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ सेनगावपर्यंत पोहोचला होता. 'खोकल्याचा गोल.' काढला कोणी? स्वप्निलनं. "बरा निघाला होता म्हनून टाकला," म्हणतात. त्यांना आज मी वाढलं नाही.

२८ जानेवारी

निरोप आला, त्याच लांबच्या वाटेनं. हळद वाळवायला जागा लागणार, खेळ बंद. हळद निघायला अजून महिना आहे. हळदीचं निमित्त आहे, हे आत्याबाईंनाही कळतं. मामांना मोंढ्यात कोणीतरी खाकरून दाखवलं म्हणे.

खेळायचं नव्हतं तरी सगळ्या जमल्या, बांधावर बसल्या. मी मोबाइलवर वाचलेलं त्यांना सांगितलं. शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडात कारखान्यातल्या बायकांनी फुटबॉलचे संघ काढले होते. त्यांच्या एका मॅचला पन्नास हजारांहून जास्त माणसं आली. पुढच्याच वर्षी, १९२१ साली, फुटबॉलच्या मोठ्या मंडळींनी ठरवलं की हा खेळ बायकांना शोभत नाही, आणि आपली सगळी मैदानं त्यांना बंद केली. ती उघडायला पन्नास वर्षं लागली. आपल्याकडेही बायकांचा संघ दोनदा आशियात दुसरा आला होता, तेव्हा माझा जन्मही नव्हता, आणि आमच्या गावात ते कोणाला ठाऊक नाही.

आत्याबाई शेळ्या बघायच्या नावाखाली शेजारीच बसल्या होत्या. म्हणाल्या, "पन्नास हजार मानसं आली म्हनूनच बंद केलं आसंल. दहा आली आस्ती तर कोनाला काय तकलीफ व्हती?" मग थोड्या वेळानं, "मंग त्या बायका काय घरी बसल्या व्हय?" मी सांगितलं, नाही, मिळेल त्या माळावर खेळत राहिल्या. "हां," म्हणाल्या आणि शेळ्या हाकलायला उठल्या. शेळ्या केव्हाच घरी गेल्या होत्या.

मी मामांना चिठ्ठी लिहिणार आहे. मुद्देसूद.

३० जानेवारी

चिठ्ठीची गरज राहिली नाही. जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

मामा ओसरीवर जेवत होते. निता भाकरी घेऊन गेली. पदर डोक्यावर होता, पण वाढून झाल्यावर ती परत आली नाही. तिथेच उभी राहिली. मी दाराआड.

"मामा, गोल माझ्यामुळं झाला," ती म्हणाली. आत्याबाईंचा हात ताटावरच थांबला. "तुमी खाकरले नस्ते तरी तुमाला पाहून मी पदर घेतलाच आस्ता. लोक तुमाला हासून राहिले, त्याचं मला वाईट वाटतं. पन आता मी ठरवलंय. घरात घेईन, मैदानावर न्हाई घेनार. तुमाला बघवत नसंल तर येऊ नका. खेळ बंद करू नका."

मामांनी भाकरी कुस्करली. मग म्हणाले, "हाताला काय लागलं तुझ्या?"

"बॉल अडवताना पडले व्हते."

"आडला का?"

"आडला."

मी तिथे असते तर कारणांसकट दहा मिनिटं बोलले असते, असं आधी वाटलं. पण सहा वर्षांत मी त्या ओसरीवर एक शब्द बोललेले नाही, हेही खरं.

२ फेब्रुवारी

मामांनी गड्यांना सांगितलं, यंदा हळद वरच्या खळ्यावर वाळवा. तिथे ऊन जास्त लागतं म्हणे. आमचा तुकडा मोकळाच राहणार. योगायोग चांगला जुळून आला.

१५ फेब्रुवारी

निता दोन दिवस माहेरी गेली होती. मला नेमकं याच दोन दिवसांत मैदानावर जायला जमलं नाही. भाकरी, धुणं, गड्यांचे डबे, मामांचा काढा, एकातून एक कामं निघत गेली. इतकी कामं अचानक कुठून आली कळत नाही. ती परत आली आणि आज पुन्हा चारच्या आत मोकळी झाले.

आत्ता वरचं वाचलं. आणि थोडा वेळ पेन खाली ठेवून बसले.

उद्यापासून सकाळच्या भाकरी मी थापणार.

२७ फेब्रुवारी

हिंगोलीतलं एक महिला मंडळ आठ मार्चला कार्यक्रम ठेवतंय. त्यात बायकांची फुटबॉल मॅच, आम्ही आणि सेनगावचा संघ. वीस-वीस मिनिटं. पंच म्हणून निवृत्त क्रीडाशिक्षक संतराम सर. मी फोनवर तीनदा विचारून घेतलं, पुरी होईल ना? पुरी म्हणजे पुरी, ताई, असं मंडळाच्या बाई म्हणाल्या.

सातही जणींना ट्रॅकपँट आणि टी-शर्ट. निताला पँट घालून चालायला लाज वाटत होती, म्हणून ती आणि राणी अंगणवाडीत दार लावून फेऱ्या मारत होत्या.

७ मार्च

हरायची भीती नाही. पुन्हा अर्धीच राहील याची आहे.

८ मार्च

बोटं दुखतायत, तरी आजच लिहिणार.

जीपमध्ये आम्ही सात, आत्याबाई, आणि ड्रायव्हरशेजारी मामा. ते का येतायत हे कोणी विचारलं नाही. मैदानावर मांडवात पहिल्या रांगेत बसले.

सेनगावच्या पोरी तयारीच्या होत्या. पहिल्या दहा मिनिटांतच आमच्यावर गोल झाला. निताला दोष नाही, बॉल बांबूला लागून आत गेला. हाफटाइमला एक-शून्य. आम्ही पाणी पीत होतो तेवढ्यात पाहुण्यांची गाडी आली, वेळेच्या आधी. लाउडस्पीकरवर सांगितलं: मॅच इथे संपली असं जाहीर करतो, दोन्ही संघांना प्रमाणपत्र मिळेल, भगिनींनी मैदान रिकामं करावं, संगीत खुर्चीची तयारी करायची आहे.

मी स्टेजकडे गेले. बोलायचं काम माझंच, शिकलेली मी. मंडळाच्या बाईंनी माझा हात हातात घेतला. "समजून घ्या ना ताई, पाहुण्यांना पुढं वाशिमला जायचंय. पुढच्या वर्षी तुमची पुरी मॅच ठेवू, शब्द देते." त्या इतक्या गोड बोलत होत्या, मागे पाहुणे हात जोडून उभे होते, आणि मी 'बरं' म्हटलं. म्हटलं खरं. ज्या एका गोष्टीसाठी चार महिने घालवले, ती मी एका शब्दात देऊन आले.

परत आले तर निता गोलात उभी होती. राणी मधोमध, बॉलवर पाय ठेवून. बाकीच्या आपापल्या जागी. सेनगावची कॅप्टन मला म्हणाली, "ताई, काय ठरलं?"

मी तोंड उघडायच्या आत गोलातून आवाज आला, "काई ठरलं न्हाई. आर्धी मॅच बाकी हाय."

"जाऊबाई, त्या म्हणून राहिल्या की पुढच्या वर्षी..."

"मैदानावर जाऊबाई न्हाई," निता म्हणाली. "पुनम, जागेवर ये."

तिचा आवाज मांडवापर्यंत गेला असणार. सेनगावची कॅप्टन माझ्याकडे बघून हसली आणि आपल्या पोरींना हात करून जागेवर गेली. संगीत खुर्चीसाठी दोघी जणी खुर्च्या घेऊन आत आल्या होत्या, त्या रेषेवर थबकल्या. संतराम सरांनी स्टेजकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि शिट्टी वाजवली. मंडळाच्या बाईंना नंतर ते म्हणाले, "शिट्टी माझी सोताची हाय."

मी जागेवर गेले.

लाउडस्पीकर बंद झाला नाही. आधी आम्हाला बाहेर यायला सांगत राहिला, मग कंटाळून सत्कार सुरू झाले, मग पाहुणे महिलांच्या प्रगतीवर बोलू लागले. त्यातलं निम्मं ऐकू आलं. एकदा थ्रो घेताना मांडवाकडे नजर गेली. मामांनी खुर्ची उचलून उलटी मांडली होती, स्टेजकडे पाठ, मैदानाकडे तोंड. डोक्यावर टोपी, दोन्ही हात गुडघ्यांवर. त्यांचं बघून शेजारच्यांनी फिरवली, मग मागच्या रांगांनी. खुर्च्या घेऊन आलेल्या दोघींनी त्या रेषेवरच मांडल्या आणि बसल्या.

राणीनं डाव्या पायानं गोल केला. पास माझा होता, हे लिहून ठेवते, कारण ती सगळ्यांना सांगेल की नव्हता. मग त्यांनी दुसरा मारला. निताने त्यानंतर दोन अडवले, एकदा तर समोरच्या पोरीच्या पायात झोकून दिलं आणि बॉल पोटाशी धरून पडून राहिली. मांडवातून आत्याबाईंचा आवाज आला, "सोडू नको, निता." सूनबाई नाही, निता.

मग लांब शिट्टी झाली. मला वाटलं फाउल झाला. बॉल जवळच होता, मी तो नीट ठेवला, राणीला पुढे जा म्हणून हात केला आणि मारायला दोन पावलं मागे आले. कोणी हलेना. सेनगावची कॅप्टन चालत माझ्याकडे आली आणि हात पुढे केला.

"ताई, संपली मॅच."

"पुरी?"

"व्हय. पुरी."

मी तिचा हात धरला तो सोडवेना. दोन-एक, हरलो. मग तिथेच मुरमावर खाली बसले आणि मोठ्यानं रडू आलं, सगळ्या मांडवादेखत. राणी धावत आली. "काहून रडून राहिली? एकाच गोलानं तर हारलो."

निता गोलातून चालत आली, मातीनं भरलेली, माझ्याशेजारी बसली.

"हारली म्हनून न्हाई रडत ती," म्हणाली. "रडू दे तिला."